एका सायकलवर दोन रस्ते: सिंगल की डबल चेनरिंग, एक प्रकरण

ग्रॅव्हल (खडी-मातीचे कच्चे रस्ते) आणि रोड, दोन्हीसाठी एकच सायकल ठेवायची ठरली की पुढे, पेडलपाशी, एक चेनरिंग (दात्यांचे चाक) लावायची की दोन, यावर वाद सुरू होतो आणि तो बहुतेक वेळा ‘रेंज’च्या, म्हणजे सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या किती पट याच्या, आकड्यावर येऊन थांबतो. कुणाची ४४० टक्के, कुणाची ५०० टक्के. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या सायकलचा निर्णय घेताना आम्हीही तिथूनच सुरुवात केली. शेवटी निर्णय ठरला तो मात्र ताशी ३५ ते ३७ किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्ट्यावर आणि एका कुरकुरणाऱ्या गुडघ्यावर. हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते, कारण यातली आकडेमोड कुणालाही स्वतःच्या सायकलसाठी कागद-पेन्सिल घेऊन करता येते.

सायकल आणि स्वार

सायकल ग्रॅव्हलची. चाकांच्या जोड्या दोन: एकीवर ४० मिमी टायर, दुसरीवर २८ मिमी. जुनी ड्राइव्हट्रेन (चेन आणि गिअरचा संच) १२ स्पीडची, म्हणजे मागे बारा कॉग (दात्यांच्या चकत्या). पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चेनरिंग (५०/३४), आणि मागे ११ पासून ३४ दात्यांपर्यंतच्या कॉगची कॅसेट (११-३४). चेन ताणली गेली होती, मोठ्या चेनरिंगचे दाते एका बाजूला वाकून हुकांसारखे दिसू लागले होते, कॅसेटही संपत आली होती. बदल करायचाच होता, म्हणून प्रश्न निघाला.

फ्रेमवर पुढच्या डिरेलरसाठी (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या भागासाठी) जागा आहे. मागचा हँगर (मागचा डिरेलर ज्यावर टांगतात तो तुकडा) जुन्या पद्धतीचा आहे, म्हणजे अलीकडच्या ज्या डिरेलरना थेट फ्रेमवर बसायला यूडीएच जातीची रचना लागते, ते यावर बसत नाहीत. या बारीकशा गोष्टीने पुढे एक चांगला पर्याय बाद केला, म्हणून आधीच नोंदवतो.

स्वार, सायकल, पाणी, हत्यारे मिळून वजन सुमारे ७५ किलो. लांब चढावर ती १६० वॅट टिकवते. आठवड्यातले बरेच तास गटाबरोबर रोडवर जातात, बाकीचे एकटीने कच्च्या रस्त्यांवर. तिची मागणी अगदी नेमकी होती: “चढावर गिअर संपायला नकोत आणि गटात पाय अडकायला नकोत. या दोन गोष्टी दे, बाकी तू म्हणशील ते लावू.”

गुडघा कधी कुरकुरतो हे तिने स्वतःच शोधून ठेवले होते. केडन्स, म्हणजे पेडलचे मिनिटाला फेरे, ६० च्या खाली जाऊन बराच वेळ तिथे राहिली की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जाणवते. सपाटीवर तिचे पाय ८८ ते ९२ फेऱ्यांमध्ये रमतात. हे दोन आकडे हातात नसते तर पुढचे काहीच नीट ठरले नसते. जो सल्ला मागायला येतो त्याला मी आता आधी केडन्सच विचारतो.

आधी चढ

१० टक्क्यांचा कच्चा चढ घेऊ. ७५ किलो वर ओढायला सुमारे ७३ न्यूटन, खडी-मातीवर टायर फिरवायला आणखी सुमारे ७, एकूण ८० च्या आसपास. चेन आणि बेअरिंगमध्ये थोडे हरवून १६० पैकी साधारण १५५ वॅट चाकापर्यंत पोचतात. भागाकार केला की वेग येतो ताशी ६.९ किलोमीटर. या वेगाला हवेचा विरोध हिशोबात धरायची गरज नाही.

४० मिमी टायरचा परीघ सुमारे २.२ मीटर. जुन्या सायकलवरचा सर्वांत हलका गिअर ३४/३४, म्हणजे क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. ६.९ च्या वेगाला केडन्स येते ५३. गुडघा का बोलत होता ते इथेच कळले. ती कमी पडत नव्हती, गिअर कमी पडत होता.

आता नवे पर्याय. एक चेनरिंग ४० ची आणि मागे १०-४४ कॅसेट: केडन्स ५८. दोन चेनरिंग ४८/३१ आणि मागे ११-३४: तीही ५८. हा आकडा मी तिला दोनदा करून दाखवला, कारण तिचा विश्वास बसेना. ४० भागिले ४४ म्हणजे ०.९०९, आणि ३१ भागिले ३४ म्हणजे ०.९१२. पायाला हा फरक कळणे शक्यच नाही. सिंगलवर चढ चढवत नाही, ही समजूत जुन्या कॅसेटच्या काळातली आहे. मागे ३२ किंवा ३४ वर गोष्ट संपायची तेव्हा ती खरी होती. २०१२ साली श्रॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने माउंटन बाइकसाठी एक्सएक्स१ हा १०-४२ कॅसेटचा संच आणला, आणि पुढच्या काही वर्षांत तीच कल्पना सायक्लोक्रॉस, रोड आणि ग्रॅव्हलपर्यंत आली. त्यानंतर त्या समजुतीत फारसा दम उरला नाही.

पण ५८ सुद्धा तिच्या ६० च्या रेषेखालीच आहे. म्हणून एक पायरी आणखी खाली उतरलो. सिंगलमध्ये ३८ ची चेनरिंग, मागे ४४: केडन्स ६१. डबलमध्ये ४६/३० आणि मागे ११-३६: केडन्स ६३. दोन्ही चालतील. १३ टक्क्यांचा तुकडा आला तर ३०/३६ वर ५० च्या आसपास, ३८/४४ वर त्याहून दोन फेरे कमी. तिथे दोन्हींत त्रास आहे, पण असे तुकडे छोटे असतात आणि ती ते उभी राहून काढते.

इथे एक गोष्ट सहज निसटते. २८ मिमी टायरचा परीघ सुमारे २.१४ मीटर, ४० मिमीचा २.२. म्हणजे तोच गिअर रुंद टायरवर तीन टक्के जड. मागच्या ४४ च्या कॉगवर हा फरक सव्वा दात्याएवढा पडतो. रोडच्या चाकांवर चढ चढून बघितला आणि ‘पुरतो’ म्हणून तोच गिअर ग्रॅव्हलसाठी ठरवला, तर खडीवर तो थोडा जडच लागणार. शिवाय खडी स्वतःची ताकद खाते ती वेगळी.

चढाच्या कसोटीवर सामना बरोबरीत सुटला. रेंजवरून भांडणाऱ्यांना याचे वाईट वाटेल, पण तिच्यासाठी खरा प्रश्न सपाटीवर होता.

पायरीची उंची

गिअरची रेंज म्हणजे जिना किती उंच जातो एवढेच. पायऱ्या किती उंच आहेत ते त्यातून कळत नाही, आणि रोज चढणाऱ्याचे गुडघे पायरीच्या उंचीवर दुखतात.

श्रॅमच्या १०-४४ कॅसेटवरचे कॉग असे: १०, ११, १३, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२, ३८, ४४. बाराच कॉगमध्ये एवढी उंची गाठायची तर पायऱ्या मोठ्या होणारच. ११ वरून १३ वर जाताना १८ टक्क्यांची उडी आहे, ३२ वरून ३८ वर जाताना १९ टक्क्यांची. चढावरची उडी मला फारशी खुपत नाही. तिथे चढाची तीव्रता सतत बदलते, वेगाला कुणी बांधलेले नसते, पाय जमवून घेतात. वरच्या टोकाची ११-१३ ही फट मात्र नेमकी कुठल्या वेगावर पडते ते पाहावे लागते.

शिमानोची १२ स्पीड ११-३६ कॅसेट बघा: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २४, २८, ३२, ३६. वरचे पाच कॉग एकेका दात्याच्या अंतराने. मोठ्या कॉगची जबाबदारी पुढच्या लहान चेनरिंगने उचललेली असल्यामुळे वर एवढी दाटी परवडते. डबलचा खरा फायदा हाच. ‘चोवीस गिअर’ हा आकडा फसवा आहे. ४६/३० ला ११-३६ वर चालवले तर बरेचसे गिअर एकमेकांवर पडतात. मोठ्या चेनरिंगचे बारा, आणि त्यांच्या खाली लहान चेनरिंगचे चार, असे सोळा गिअर हाती लागतात. सिंगलवर बारा. फरक चारचा, पण ते चार मिळाल्यामुळे वर दाटी करता येते.

तिच्या वेगावर हे बसवले. २८ मिमी टायर, गट ३३ वर चाललेला. सिंगल ३८ वर १३ चा कॉग: ८८ फेरे. अगदी तिच्या आवडीचे. डबल ४६ वर १५ ला ८४ आणि १७ ला ९५. म्हणजे ३३ च्या वेगाला सिंगलच सरस! डबलच्या कॅसेटवरही १५ आणि १७ मध्ये १३ टक्क्यांची फट आहे, हे डबलवाले सांगायला विसरतात.

आता गट ३७ वर गेला. सिंगलवर १३ ला ९९ फेरे, ११ ला ८४. मधले काही नाही. डबलवर १५ ला ९४, १४ ला ८८, १३ ला ८२. तिचे ८८ ते ९२ इथे हाताशी आहेत, तिथे नाहीत.

अनेकांना ३७ ला ८४ फेरे मुळीच खटकणार नाहीत. ज्याचे पाय ८० ते १०० मध्ये कुठेही सुखाने फिरतात, त्याने ही सगळी चर्चा सोडून सिंगल घ्यावे आणि मोकळे व्हावे. पण तिचा गुडघा जोराने दाबत राहण्याला कुरकुरतो, आणि शंभरजवळ ती सीटवर उडायला लागते. प्रश्न तिच्या पायांचा होता.

काही न विकत घेता केलेला प्रयोग

आकडे पटले तरी शरीर काय म्हणते ते बघायचे होते. सुदैवाने डबलवर बसून सिंगलची चव घेता येते.

तिच्या जुन्या ५० च्या चेनरिंगवर १७ चा कॉग म्हणजे २.९४. सिंगल ३८ वर १३ चा कॉग म्हणजे २.९२. जवळजवळ तोच गिअर. त्याच्या पुढचा गिअर सिंगलवर ११ चा, ३.४५. जुन्या सायकलवर त्याच्या सर्वांत जवळ १४ चा कॉग, ३.५७. म्हणजे गटात चालवताना १५ चा कॉग वर्ज्य करायचा: १७ वरून दोनदा टिचकी मारून थेट १४ वर. ही फट खऱ्यापेक्षा थोडी मोठी, १८ ऐवजी २१ टक्के, पण अंदाज यायला पुरेशी.

आणि कच्च्या रस्त्यावर उलट नियम: चेन ३४ वर ठेवायची, पुढच्या शिफ्टरला हातच लावायचा नाही.

काही आठवडे तिने हे इमानेइतबारे पाळले. एकटी असताना रोडवरही फट जाणवत नाही, असे तिचे म्हणणे आले. मला ते फार महत्त्वाचे वाटले. एकटे असलो की आपण नकळत वेग गिअरला जुळवून घेतो. ३७ ला पाय जमत नसतील तर ३६ ने जातो, कुणाचे काही अडत नाही. गटात पुढच्याच्या चाकामागे बसलो की वेग दुसऱ्याने ठरवलेला असतो, मग जुळवायला फक्त केडन्स उरते. वारा पाठीवर आला, गट ३५ वरून ३७ वर सरकला, की तिची टिचकी-टिचकी सुरू व्हायची. १७, नको, १४, नको, परत १७. तिच्या मागे चालवताना मला ते कानांनी कळत होते. दर वेळी चेन बदलताना क्षणभर जोर सैल पडायचा, पुढच्या चाकापासून हातभर अंतर पडायचे आणि ते भरून काढायला पुन्हा जोर. शेवटी ती म्हणाली, “चढ परवडला, पण हे नको.”

कच्च्या रस्त्यावर मात्र तिला सिंगलची भुरळ पडली. पुढे काय आहे याचा विचार करावा लागत नाही, एका हाताने सगळे होते, खड्डे-दगडांवर लक्ष राहते. ३४/११ वर ९० फेऱ्यांना ताशी ३६-३७ चा वेग मिळतो, आणि खडीवर तिला त्याहून जास्त कधी लागलाच नाही.

एकाच माणसाची दोन रस्त्यांवर दोन मते. मी म्हणेन दोन्ही बरोबर.

मधल्या वाटा

या टप्प्यावर तडजोडीचे पर्याय तपासले. पहिला सरळ होता: सिंगलच ठेवायचे, पण रोडच्या चाकांवर १०-३६ कॅसेट आणि ग्रॅव्हलच्या चाकांवर १०-४४. श्रॅमच्या १०-३६ मध्ये १२ चा कॉग आहे, त्यामुळे ११-१३ ची फट बुजते. ३८/१२ वर ३७ च्या वेगाला ९१ फेरे, झकास. पण मग रोडवरचा सर्वांत हलका गिअर ३८/३६ होतो, आणि डांबरी १० टक्क्यांवर तिची केडन्स ५३-५४ वर घसरते. म्हणजे गुडघा परत जिथे होता तिथेच. ज्यांच्या रोडवर मोठे चढ नाहीत त्यांच्यासाठी हा पर्याय मी मनापासून सुचवेन. डिरेलर दोन्ही कॅसेट झेलतो का एवढे निर्मात्याच्या तक्त्यात बघून घ्यावे. आणि १० दात्यांच्या कॉगसाठी चाकाला एक्सडीआर फ्रीहब (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) लागते, तेही दोन्ही चाकांना, हा खर्च लोक मोजायचे विसरतात.

दुसरा पर्याय १३ स्पीडचा. कॅम्पाग्नोलोने २०२० मध्ये एकार आणला, फक्त सिंगलसाठी बनवलेला. त्याच्या ९-४२ कॅसेटवर ९ ते १४ सगळे कॉग एकेका दात्याने चढतात. श्रॅमची २०२४ ची १३ स्पीड एक्सपीएलआर कॅसेट १०-४६ ची आहे. तिच्यावर ३८ ची चेनरिंग लावली तर सर्वांत हलका गिअर ०.८३, म्हणजे ४६/३० च्या डबलएवढाच, आणि ३७ च्या वेगाला ९१ व ८४ असे दोन गिअर हाताशी. तिच्या दोन्ही मागण्या यात पुऱ्या होतात. फ्रेम यूडीएचची असती तर मी हाच सल्ला दिला असता आणि हे प्रकरण इथेच संपले असते. कॉग वाढतील तसतसा सिंगल-डबलचा वाद विरत जाणार, याबद्दल मला शंका नाही. पण चांगली फ्रेम फक्त हँगरसाठी टाकून देणे मला पटत नाही, तिलाही पटले नाही.

बाकीचे मुद्दे, ज्यांनी फार काही ठरले नाही

चेन उतरण्याचा मुद्दा दोन्ही बाजूंनी फेकला जातो. सिंगल चेनरिंगचे दाते आळीपाळीने जाड-बारीक असतात, जाड दाता चेनच्या रुंद फटीत घट्ट बसतो. मागच्या डिरेलरमधला क्लच चेन उडू देत नाही. हे काम करते, पण त्यात अभेद्य असे काही नाही. २०२३ च्या जिरो द’इटालिया या इटलीतल्या शर्यतीत मोंटे लुसारीच्या टाइम ट्रायलमध्ये प्रिमोझ रॉग्लिचची चेन सिंगल चेनरिंगवरूनच उतरली होती. तरी तो ती शर्यत आणि अख्खी जिरो जिंकला. त्याआधी २०१८ च्या मोसमात अॅक्वा ब्लू स्पोर्ट हा संघ सिंगलवर उतरला, तेव्हाही उतरणाऱ्या चेनच्या आणि गिअरमधल्या फटींच्या तक्रारी झाल्या. डबलवर पुढच्या डिरेलरचा पिंजरा चेनला आवर घालतो, पण बदलताना चेन आत पडण्याचा धोका असतो. दहा ग्रॅमचा चेन कॅचर लावला की तो बराचसा टळतो.

चेन किती ताकद खाते, याबद्दल सिंगलच्या विरोधात दोन खऱ्या गोष्टी आहेत. टोकाच्या कॉगवर चेन जास्त तिरकी धावते, आणि ९-१० दात्यांच्या लहान कॉगवर प्रत्येक कडी जास्त कोनात वाकते. दोन्हींत थोडे वॅट जातात. शर्यतीत उतरणाऱ्याने ते मोजावेत. बाकीच्यांनी चेन धुऊन नीट तेल घातले तर त्याहून जास्त वाचतात.

वजनावर मी वेळ घालवत नाही. पुढचा डिरेलर आणि एक चेनरिंग वाचते, त्यातले काही मोठी कॅसेट परत घेते.

चिखल हा मात्र खरा मुद्दा आहे, आणि पुढे तो आलाच.

काय बसवले

४६/३० क्रँक, ११-३६ कॅसेट, जुनी १२ स्पीडची बाकी व्यवस्था. ११ चा कॉग असल्यामुळे दोन्ही चाकांच्या जुन्या फ्रीहबवर कॅसेट बसल्या. ४६/११ वर ९० फेऱ्यांना ताशी ४८, उताराला भरपूर.

बसवण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. मागच्या डिरेलरची चेन सामावण्याची क्षमता: पुढचा फरक ४६ वजा ३० म्हणजे १६, मागचा ३६ वजा ११ म्हणजे २५, बेरीज ४१. डिरेलरच्या तक्त्यात ४१ किंवा जास्त हवे, आणि सर्वांत मोठा कॉग ३६ चालतो असे स्पष्ट हवे. दुसरे, ग्रॅव्हलच्या डबल क्रँकमध्ये चेनरिंग रोडपेक्षा बाहेर असतात. शिमानोने २०१९ मध्ये जीआरएक्स आणला तेव्हा टायरला जागा मिळावी म्हणून त्या २.५ मिमी बाहेर सरकवल्या. त्यामुळे रोडचा पुढचा डिरेलर नीट पोचत नाही, ग्रॅव्हलच्याच जातीचा लागतो. तिचा तो बदलावा लागला. चेनची लांबी मोठी चेनरिंग आणि मोठा कॉग यांवरून मोजली, म्हणजे घाईत ४६/३६ पडले तरी काही तुटणार नाही.

यानंतर मी तिला एकच सवय लावून घ्यायला सांगितली, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे. पुढची चेनरिंग चढ-उतारासाठी बदलायची नाही, रस्ता बदलला की बदलायची. डांबर लागले की ४६, कच्चा रस्ता लागला की ३०. ४६ वर ११-३६ म्हणजे ४.१८ पासून १.२८ पर्यंत, रोडवरचे बहुतेक सगळे त्यात भागते, फक्त मोठ्या चढाला खाली यावे लागते. ३० वर १३ पासून ३६ पर्यंत गेले तर ९० फेऱ्यांना २७ च्या वेगापासून थेट ०.८३ च्या गिअरपर्यंत. खडीवरचा बहुतेक वेळ यात जातो. लहान चेनरिंगवर ११ आणि १२ चे कॉग सोडून द्यायचे, तिथे चेन मोठ्या चेनरिंगला घासते. अशा वापरात डबल म्हणजे एकाच क्रँकवरचे दोन सिंगल. कच्च्या रस्त्यावरचा तिला आवडलेला मोकळेपणाही मिळतो आणि गटातली दाटीही.

याला अपवाद लागतो तो चढ अचानक संपतो तिथे. ३० वर असताना माथा ओलांडला आणि तशीच ४६ वर चेन चढवली तर गिअर एका झटक्यात दीडपट जड होतो. खाली येताना उलटे: पाय रिकामे फिरतात, वेग मरतो. उपाय म्हणजे पुढे बदलताना त्याच वेळी मागे दोन-तीन कॉग उलट्या दिशेने. ४६/२४ वरून ३० वर उतरताना मागे १७ वर गेले की गिअर १.९२ वरून १.७६, पायाला नीट लागतो. काही इलेक्ट्रॉनिक शिफ्टर हे आपोआप करतात. हाताने करायचे तर आधी मागे एक, मग पुढे, मग मागे उरलेले, असा क्रम बोटांत बसवावा लागतो. तिला तो लवकर जमला, कारण प्रयोगाच्या दिवसांत तिने कॉग मोजत चालवले होते.

मोसमानंतर

गटातला त्रास गेला. मागे चालवताना मला आता तिची एखादीच टिचकी ऐकू येते, १५ वरून १४, आणि पाय तसेच फिरत राहतात. लांब कच्च्या चढांनंतर गुडघ्याची तक्रार नाही.

चिखलात मात्र डबलने दगा दिला. चिकणमातीच्या एका लांब पट्ट्यावर पुढच्या डिरेलरचा पिंजरा आणि टायर यांच्यामधली जागा भरून गेली. ती ४६ वरून ३० वर येत होती, जोर लावलेलाच होता. चिखलाने माखलेली चेन मोठ्या चेनरिंगच्या खालच्या दात्यांना चिकटून वर ओढली गेली आणि चेनरिंग व चेनस्टे (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी नळी) यांच्यात अडकली. उतरून, काडीने माती काढून, क्रँक उलटा फिरवून ती सोडवावी लागली. चेनस्टेवर रंग खरवडल्याची खूण राहिली. सिंगलवर हे घडायचे कारण फारसे नसते, कारण तिथे चेन पुढे जागा बदलतच नाही. आता चिखल दिसायच्या आधीच ती ३० वर येते आणि बाहेर पडेपर्यंत पुढे हात लावत नाही. चेनस्टेवर संरक्षक पट्टी लावली आहे. ज्याचे निम्मे तास असल्या चिखलात जातात त्याला मी डबल सुचवणार नाही, गटातली फट सोसावी लागली तरी.

दोन चाकांच्या जोड्यांमुळे आणखी एक काम वाढले. चेन एकच, कॅसेट दोन. एकच कॅसेट जास्त वापरली तरी झिजलेली चेन दुसऱ्या ताज्या कॅसेटलाही लवकर झिजवते. म्हणून चेन ०.५ टक्का ताणली की लगेच बदलायची, चेन-चेकर दर महिन्याला लावून बघायचा असे ठरले आहे.

गटाबरोबर चालवणे तिने कमी केले किंवा पुढे कधी फ्रेम बदलली, तर १३ स्पीडच्या सिंगलचा कागद तयार आहे: ३८ ची चेनरिंग, १०-४६ कॅसेट. तोपर्यंत ४६/३०.